पोलादाचे घड्याळ सोन्याहून महाग का? दुर्मीळ मनगटी घड्याळांचा लिलाव समजून घेताना

१२ नोव्हेंबर २०१६ रोजी जिनिव्हामध्ये फिलिप्स या लिलावसंस्थेने पाटेक फिलिप कंपनीचे एक मनगटी घड्याळ विक्रीला काढले. १९४०च्या दशकात तयार झालेल्या या घड्याळात ना सोने होते, ना हिरे. त्याचे बाहेरचे कवच, ज्याला घड्याळजी ‘केस’ म्हणतात, साध्या स्टेनलेस स्टीलचे होते. ते १ कोटी १० लाख २ हजार स्विस फ्रँकना विकले गेले. तोपर्यंत लिलावात कोणत्याही मनगटी घड्याळाला एवढी रक्कम मिळालेली नव्हती. याच नमुन्याची, हीच यंत्रणा असलेली पिवळ्या सोन्याची घड्याळे त्या काळात या रकमेच्या एका लहानशा भागात मिळत होती.

पहिल्यांदा ऐकणाऱ्याला हा हिशेब उलटा वाटतो आणि तसे वाटणे स्वाभाविक आहे. सोन्याचा भाव वजनावर ठरतो, नव्या घड्याळाचा भाव कारखान्याच्या किंमतपत्रकावर ठरतो. मात्र जुन्या घड्याळाची लिलावातली किंमत एका वेगळ्याच प्रश्नाच्या उत्तरावर अवलंबून असते. हे घड्याळ ज्या स्थितीत कारखान्याबाहेर पडले त्याच स्थितीत ते आजही आहे का, आणि असेल तर ते कशावरून सिद्ध होते? या एका प्रश्नाचा धागा हाती धरला, की लिलावातल्या बहुतेक चमत्कारिक वाटणाऱ्या गोष्टींचा उलगडा होत जातो.

आधी त्या विक्रमी घड्याळाकडेच वळू. कंपन्या आपल्या प्रत्येक नमुन्याला एक क्रमांक देतात. त्याला ‘रेफरन्स’ म्हणतात आणि संग्राहक घड्याळाचा उल्लेख बहुधा या क्रमांकानेच करतात. हे घड्याळ होते रेफरन्स १५१८. १९४१ मध्ये बाजारात आलेल्या या नमुन्यात दोन अवघड कामे एकत्र आणली होती. एक म्हणजे क्रोनोग्राफ, म्हणजे कळ दाबून सुरू करता, थांबवता आणि पुन्हा शून्यावर आणता येणारा वेगळा सेकंदकाटा. दुसरे म्हणजे पर्पेच्युअल कॅलेंडर, म्हणजे महिना तीस दिवसांचा की एकतीस दिवसांचा, फेब्रुवारी अठ्ठावीसचा की एकोणतीसचा, हे स्वतः ओळखून तारीख पुढे सरकवणारी यंत्रणा. वीज नाही, संगणक नाही, मग घड्याळाला लीप वर्ष कळते कसे? अशा यंत्रणेत चार वर्षांत एक फेरी पूर्ण करणारी एक चकती असते, तिच्या कडेवर अठ्ठेचाळीस महिन्यांसाठी कमीअधिक खोलीच्या खाचा असतात, आणि एक तरफ त्या खाचेत किती खोल उतरते त्यावरून महिनाअखेरीस तारखेने किती घरे ओलांडायची हे ठरते. ही चकती दर चौथ्या वर्षाला लीप वर्ष मानते, आणि २१०० हे वर्ष मात्र लीप नसल्यामुळे त्या वर्षीच्या फेब्रुवारीनंतर अशा घड्याळांची तारीख हाताने दुरुस्त करावी लागेल. एवढे सगळे मनगटावर मावेल इतक्या जागेत बसवलेले असते. मला स्वतःला या कलेतली ही सर्वांत सुंदर गोष्ट वाटते.

१९५४ पर्यंत १५१८ ची अवघी २८१ घड्याळे तयार झाली. इतके गुंतागुंतीचे घड्याळ परवडणारा ग्राहक साहजिकच सोने मागत असे, त्यामुळे बहुसंख्य घड्याळे पिवळ्या सोन्याची आणि काही गुलाबी सोन्याची बनली. स्टीलमधली माहीत असलेली घड्याळे केवळ चार आहेत. त्या काळी जे स्वस्त मानले गेले ते म्हणूनच कमी बनले, आणि कमी बनले म्हणून आज ते सर्वांत महाग आहे. याचा अर्थ स्टीलचे प्रत्येक जुने घड्याळ मौल्यवान, असा मात्र होत नाही. खेळाडूंसाठी, पाणबुड्यांसाठी, वैमानिकांसाठी बनलेली स्टीलची घड्याळे हजारोंच्या संख्येने निघाली; तिथे स्टील हाच नियम होता आणि सोने हा अपवाद होता. दुर्मीळता नेहमी त्या विशिष्ट नमुन्याच्या संदर्भात पाहावी लागते.

दुर्मीळतेचा दुसरा स्रोत आहे जुन्या ग्राहकांची नावड. रोलेक्स कंपनीने १९६३ मध्ये ‘डेटोना’ या नावाने पुढे प्रसिद्ध झालेला क्रोनोग्राफ आणला. त्याच्या काही घड्याळांवर नेहमीपेक्षा वेगळी तबकडी बसवली जात असे: लहान वर्तुळांमध्ये टोकाला चौकोनी ठिपके असलेल्या रेषा, वळणदार आकडे आणि कडेला निराळ्या रंगाची पट्टी. ही तबकडी त्या काळच्या ग्राहकांना फारशी रुचली नाही, म्हणून ती कमी विकली गेली. अभिनेता आणि मोटार शर्यतपटू पॉल न्यूमन असे घड्याळ वापरत असे. पुढे संग्राहकांनी या तबकडीलाच त्याचे नाव दिले आणि नापसंत तबकडी सर्वांत हवीहवीशी झाली. खुद्द न्यूमनच्या मनगटावरचे, रेफरन्स ६२३९ चे घड्याळ २६ ऑक्टोबर २०१७ रोजी न्यूयॉर्कमध्ये फिलिप्सच्याच लिलावात आले. दहा लाख डॉलरांहून अधिक, असा अंदाज आधी दिलेला होता. पहिलीच बोली १ कोटी डॉलरची आली आणि सुमारे बारा मिनिटांत ते घड्याळ १ कोटी ७७ लाख ५२ हजार ५०० डॉलरना गेले. तशाच तबकडीची इतर घड्याळे तेव्हा काही लाख डॉलरांच्या घरात होती. म्हणजे मधला सगळा फरक, कोट्यवधी डॉलरांचा, धातूचा नव्हता आणि यंत्राचाही नव्हता. ते कोणाच्या हातात होते याचा होता. याला लिलावाच्या भाषेत ‘प्रोव्हेनन्स’ म्हणतात. मराठीत त्याला मालकीची साखळी म्हणता येईल.

आता स्थितीकडे येऊ, कारण माझ्या मते खरे ज्ञान आणि खरा धोका दोन्ही इथे आहेत.

जुन्या घड्याळाच्या किंमतीचा सर्वांत मोठा वाटा बहुधा तबकडीकडे असतो. यंत्रणा बिघडली तर कुशल घड्याळजी ती दुरुस्त करतो, काच बदलता येते, पट्टा तर दर काही वर्षांनी बदलायचाच असतो. तबकडी मात्र एकदा रंगवली, घासली किंवा पुन्हा छापली, की तिचे मूळ रूप कायमचे गेले. पाटेक फिलिपच्या अनेक जुन्या तबकड्यांवर कंपनीचे नाव आणि मिनिटांच्या खुणा आधी धातूत कोरून, त्या खोलगट जागेत काळे इनॅमल भरून आणि भाजून पक्क्या केलेल्या असत. भिंगातून पाहिले, की ही अक्षरे किंचित उठावदार आणि धारदार दिसतात. डाग काढण्याच्या चांगल्या हेतूने कोणी तबकडी जोरात घासली, की अक्षरे पातळ होतात, त्यांची बारीक टोके तुटतात, आणि तेवढ्यावरून जाणकाराला कळते की इथे हात फिरला आहे. स्वच्छ केलेल्या तबकडीपेक्षा डाग असलेली, पण अस्पर्श तबकडी जास्त किंमत मिळवते, हे पुष्कळांना पटत नाही. पण कारण साधे आहे: डाग कालांतराने पडला, घासणे मात्र माणसाने केले.

याच तर्काने काही दोषसुद्धा मौल्यवान ठरतात. १९५० आणि १९६०च्या दशकांतल्या काही काळ्या तबकड्यांचा रंग ऊन आणि काळ यांच्या परिणामाने चॉकलेटी झाला. रंग टिकला नाही, म्हणजे त्या वेळच्या दृष्टीने हा उत्पादनातला दोषच. आज अशा तबकडीला ‘ट्रॉपिकल’ म्हणतात आणि रंग सर्वत्र सारखा उतरला असेल तर तिच्यासाठी बरीच जास्त रक्कम मोजली जाते. प्रत्येक तबकडी वेगवेगळी उतरते, म्हणून तसे दुसरे घड्याळ मिळत नाही.

अंधारात चमकणाऱ्या लेपाची गोष्ट याहून शिकवणारी आहे, कारण तिथे भौतिकशास्त्र साक्षीला उभे राहते. साधारण १९६०च्या दशकाच्या सुरुवातीपर्यंत आकड्यांवर रेडियमयुक्त लेप लावत. त्यानंतर त्याची जागा कमी घातक अशा ट्रिटियमने घेतली आणि १९९०च्या दशकाच्या अखेरीस किरणोत्सर्ग नसलेले लेप आले. रेडियमचे अर्धायुष्य, म्हणजे त्याचे प्रमाण निम्मे व्हायला लागणारा काळ, सुमारे १,६०० वर्षे आहे, त्यामुळे त्या काळची तबकडी आजही किरणोत्सर्ग मोजणाऱ्या गायगर यंत्राला स्पष्ट प्रतिसाद देते. ती चमकत मात्र नाही, कारण किरणांच्या सततच्या माऱ्याने लेपातले प्रकाश देणारे झिंक सल्फाइड कधीच निकामी झालेले असते. ट्रिटियमचे अर्धायुष्य सुमारे १२.३ वर्षे आहे. म्हणजे १९७० च्या सुमाराच्या घड्याळातला बहुतांश ट्रिटियम आता संपलेला असणार. असे घड्याळ अंधारात रात्रभर लख्ख चमकत असेल, तर ते आनंदाचे नव्हे, शंकेचे कारण आहे. काटे चमकतात आणि आकडे चमकत नाहीत, असे दिसले तर काटे नंतर बदलले असण्याची शक्यता मोठी. १९५० च्या म्हणून दाखवलेल्या तबकडीवर गायगर यंत्र गप्प राहिले, तरी प्रश्न विचारायलाच हवा. रेडियमचा लेप असलेली तबकडी घरी उघडू नये, त्याचे कण श्वासावाटे शरीरात जाणे घातक आहे, हे इथे आवर्जून सांगितले पाहिजे.

तबकडीनंतर केस. पॉलिश केलेले घड्याळ नवे दिसते, पण दर पॉलिशमागे धातूचा एक पातळ थर निघून जातो. पट्टा अडकवण्यासाठी केसला जे चार कान असतात त्यांच्या कडा कारखान्यातून येताना तीक्ष्ण असतात. चारपाच पॉलिशनंतर त्या साबणाच्या वडीसारख्या गोल होतात. सोन्याच्या केसवर शुद्धतेचा शिक्का असतो, तो खोल आणि स्पष्ट उमटलेला असेल तर धातू फारसा घासलेला नाही, असे समजते. रोलेक्सच्या जुन्या घड्याळांत रेफरन्स आणि अनुक्रमांक कानांच्या मधल्या भागावर, पट्ट्याखाली झाकलेले असतात. पट्टा काढल्याशिवाय ते दिसत नाहीत, आणि तरीही अनेक जण पट्टा न काढताच घड्याळ पाहिल्याचे समाधान मानतात.

आणखी एक अडचण अशी, की मूळ भाग नाहीसे होण्यामागे दर वेळी लबाडीच असते असे नाही. पूर्वी घड्याळ कंपनीकडे दुरुस्तीला गेले, की ओरखडे पडलेली तबकडी, फिकट काटे, काचेभोवतीचे झिजलेले कडे काढून नवे बसवून देणे ही चांगली सेवा समजली जाई. मालकाला आनंद होई. त्या दिवशी टोपलीत टाकलेली तबकडी आज संपूर्ण घड्याळापेक्षा महाग ठरू शकली असती.

मग पुरावा कुठून आणायचा? पाटेक फिलिपची स्थापना १८३९ ची आणि तिच्या जुन्या नोंदवह्या टिकून आहेत. त्यावरून कंपनी मालकाला उतारा देते, ज्यात यंत्रणेचा आणि केसचा क्रमांक, निर्मितीचा काळ आणि विक्रीची तारीख असते. रोलेक्स असा उतारा देत नाही, त्यामुळे तिथे मूळ हमीपत्र, खोके, पावती, जुनी छायाचित्रे आणि दुरुस्तीच्या नोंदी यांना वजन येते. मात्र उताऱ्याची मर्यादा ओळखली पाहिजे. अमुक क्रमांकाचे घड्याळ अमुक साली विकले गेले, एवढेच तो सांगतो; समोर ठेवलेले घड्याळ आजही तेच आहे का, हे सांगत नाही.

या मर्यादेचे सर्वांत बोलके उदाहरण ओमेगा या घड्याळ कंपनीचे आहे. नोव्हेंबर २०२१ मध्ये जिनिव्हाच्या फिलिप्स लिलावात १९५७ चे, चॉकलेटी तबकडीचे ओमेगा ‘स्पीडमास्टर’ घड्याळ, रेफरन्स २९१५-१, विक्रीला आले. अंदाज ८० हजार ते १ लाख २० हजार फ्रँकचा होता. विक्री झाली ३१ लाख १५ हजार ५०० फ्रँकना. खरेदीदार होती खुद्द ओमेगा, आपल्या संग्रहालयासाठी. २०२३ मध्ये ओमेगानेच जाहीर केले, की हे घड्याळ बहुतांशी अस्सल भाग निरनिराळ्या ठिकाणांहून जमवून जोडलेले आहे आणि या प्रकारात कंपनीचे तीन माजी कर्मचारी सामील होते. अशा जोडघड्याळाला संग्राहक ‘फ्रँकन’ म्हणतात. इथली शिकवण नकली मालाविषयीच्या नेहमीच्या समजुतीपेक्षा वेगळी आहे. भाग खोटे असतील तर ते भिंगाखाली उघडे पडतात. भाग खरे असून एकत्र असण्याची कथा खोटी असेल, तर ते पकडणे फार कठीण जाते, आणि ज्याच्या नोंदींवर सगळे विसंबतात त्या कंपनीचीही तिथे फसगत होऊ शकते.

लिलावाची रीत आता थोडक्यात पाहू. कॅटलॉगमध्ये प्रत्येक वस्तूसमोर दोन आकड्यांमधला अंदाज छापलेला असतो. त्याखेरीज विक्रेता आणि संस्था यांच्यात एक राखीव किंमत ठरते, जी गुप्त असते आणि सर्वसाधारणपणे अंदाजाच्या खालच्या आकड्याहून जास्त नसते. तिच्यापर्यंत बोली पोचली नाही तर घड्याळ विकले जात नाही. या राखीव किंमतीपर्यंत लिलावकर्ता विक्रेत्याच्या वतीने स्वतः बोली पुढे नेऊ शकतो. ही गोष्ट संस्थेच्या छापील अटींमध्ये लिहिलेली असते, पण अटी वाचतो कोण? काही घड्याळांच्या नावापुढे छोटे चिन्ह असते. त्याचा अर्थ विक्रेत्याला किमान रकमेची हमी आधीच मिळालेली आहे. अंदाज मुद्दाम कमी ठेवण्याचीही पद्धत आहे, कारण कमी अंदाज पाहून जास्त लोक भाग घेतात आणि दोन हट्टी बोलीदार समोरासमोर आले की किंमत आपोआप चढते. त्यामुळे ‘अंदाजाच्या वीसपट किंमत मिळाली’ हे वाक्य ऐकायला जेवढे थोर, तेवढे अर्थपूर्ण असेलच असे नाही.

हातोडा पडतो ती रक्कम अंतिम नसते. तिच्यावर खरेदीदाराकडून संस्था आपले शुल्क घेते; ते लहान रकमांवर साधारण पाव भागाच्या आसपास असते आणि मोठ्या रकमांवर टप्प्याटप्प्याने कमी होते. न्यूमनच्या घड्याळावर हातोडा पडला तो १ कोटी ५५ लाख डॉलरांवर. वर्तमानपत्रांत आलेला १ कोटी ७७ लाखांचा आकडा शुल्क धरून आहे. विक्रेत्याकडूनही संस्था वेगळे कमिशन घेऊ शकते. समजा, एखाद्या घड्याळावर १०० ला हातोडा पडला आणि खरेदीदाराचे शुल्क २५ टक्के आहे, तर त्याने १२५ मोजले. काही वर्षांनी तोच माणूस ते विकायला आला आणि त्याला १० टक्के कमिशन द्यावे लागले, तर त्याचे १२५ नुसते परत मिळण्यासाठी हातोडा १३९ च्या आसपास पडायला हवा. कर, विमा आणि दुरुस्ती यांचा खर्च यात धरलेला नाही. जुनी घड्याळे ही गुंतवणूक म्हणून सुचवणाऱ्यांनी हे गणित आधी मांडावे, असे मला मनापासून वाटते.

किंमती वाढल्याची मोठी उदाहरणे आहेतच. व्हिएतनामचा शेवटचा सम्राट बाओ दाई १९५४ मध्ये जिनिव्हा परिषदेच्या वेळी तिथे असताना त्याने विकत घेतलेले रोलेक्स, रेफरन्स ६०६२, काळी तबकडी आणि सम आकड्यांच्या जागी हिरे, हे २००२ मध्ये सुमारे २ लाख ३५ हजार डॉलरना आणि २०१७ मध्ये ५० लाख ६६ हजार फ्रँकना विकले गेले. पण अशा घड्याळाचे दुसरे उदाहरण नाही, म्हणूनच तो आकडा आहे. त्यावरून साध्या जुन्या घड्याळाविषयी काहीच अनुमान निघत नाही.

हा सगळा बाजार फार जुना नाही, हेही लक्षात घ्यावे. २५ डिसेंबर १९६९ रोजी सेइको या जपानी कंपनीने पहिले क्वार्ट्झ, म्हणजे बॅटरी आणि स्फटिकाच्या कंपनांवर चालणारे, मनगटी घड्याळ विक्रीला आणले आणि पुढच्या दोन दशकांत स्विस घड्याळ उद्योगातल्या नोकऱ्या सुमारे ९० हजारांवरून ३० हजारांच्या आसपास आल्या. वेळ दाखवण्यापुरते यांत्रिक घड्याळ निरुपयोगी ठरले, आणि त्याच काळात काही मंडळी ते कला म्हणून जमवू लागली. १९८९ मध्ये जिनिव्हात अँटिकोरम या लिलावसंस्थेने केवळ पाटेक फिलिपच्या घड्याळांचा लिलाव भरवला. एकाच कंपनीवर आधारलेल्या अशा विक्रीने या छंदाला बाजाराचे रूप यायला मोठी मदत झाली.

लिलावापूर्वी काही दिवस घड्याळे पाहण्यासाठी खुली ठेवलेली असतात आणि बोली न लावणाऱ्यालाही सहसा तिथे जाता येते. स्थितीचा अहवाल मागावा, तो बहुधा विनामूल्य मिळतो; मात्र त्यात जे लिहिलेले नाही ते नाहीच असे समजू नये, कारण वस्तू ‘आहे त्या स्थितीत’ विकली जाते. पाठ उघडून यंत्रणा दाखवायला सांगावे, आतले शिक्के आणि क्रमांक स्वतः टिपून घ्यावेत. आणि घड्याळ उलटे करून पाठीवर काही कोरले आहे का, हे पाहावे. कोणा अनोळखी माणसाचे नाव, निवृत्तीची तारीख, वाढदिवसाची शुभेच्छा असे काही कोरलेले असले, तर किंमत उतरते, म्हणून विकण्यापूर्वी ते घासून काढणारे पुष्कळ असत. न्यूमनच्या घड्याळाच्या पाठीवर त्याच्या पत्नीने, जोन वुडवर्डने, तीन इंग्रजी शब्द कोरून घेतले होते: ‘ड्राइव्ह केअरफुली मी’, गाडी जपून चालव, मी. ती अक्षरे कोणी घासली नाहीत, आणि हे घड्याळ त्याचेच, याची सर्वांत पक्की साक्ष त्यांनीच दिली.